चिखलानं माखलेली गाडी रंगाला ओरखडे न पाडता घरी कशी धुवायची?

राधानगरी_रोड

नमस्कार मंडळी. गाडी काळी आहे आणि नवीनच आहे. सासुरवाडी दाजीपूरच्या अलीकडं, त्यामुळं पावसाळ्यात जाणं-येणं चालूच असतं, आणि परत आलं की दरवाज्यांच्या खालच्या निम्म्या भागावर तांबड्या चिखलाचा थर, तोही वाळून कडक झालेला, चाकांच्या वरच्या कमानीत तर मुठीएवढे गोळे अडकलेले असतात. आमच्या अपार्टमेंटमधे गाड्या पुसणारे एक काका आहेत, पहाटे एक बादली घेतात आणि त्यातच सगळ्या गाड्या उरकतात. शेजाऱ्यांची पण काळीच गाडी आहे, त्यांच्या बॉनेटवर उन्हात बघितलं तर सगळीकडं गोल गोल बारीक रेषा दिसतात, म्हणून मी काकांना सध्या हात लावू नका म्हणून सांगितलंय. आता गाडी तशीच उभी आहे, चिखलासकट. प्रेशर वॉशर नाही, पार्किंगला नळ आहे आणि साधा पाईप आहे. नेमकं सुरुवात कुठनं करायची, काय विकत आणायचं, आणि काय आणायची गरज नाही? कोणी नीट सांगितलं तर बरं होईल.

शाहूपुरी_४थी_गल्ली

वॉशिंग सेंटरला घाल की भावा. अर्ध्या तासात चकाचक. एवढा विचार कशाला.

करवीरचा_पोरगा

आमच्या गावात सगळे नदीवर नेतात, घाटावर उतरवायची, बादलीनं पाणी मारायचं, झालं. पाण्याला तोटा नाही.

पंचगंगा_काठ

नदीवर नको. पंचगंगेच्या प्रदूषणावर किती वर्षं ओरड चाललीय आणि त्यात आपणच गाडीचं ऑईल, ग्रीस, साबण सोडायचं हे बरोबर नाही. खाली गावं हेच पाणी पितात. रंकाळ्यावर तर अजिबात नको. शिवाय नदीच्या काठावरचं पाणी गढूळ असतं, बादलीत वाळूच येते, त्यानंच गाडी घासायची म्हणजे मूळ प्रश्न आहे तो आणखी वाढवायचा.

उद्यमनगर_पेंटबूथ

राधानगरी_रोड भाऊ, काकांना थांबवलंत ते बरं केलंत. मी पेंटिंगच्या लाईनमधे आहे, रोज असल्या गाड्या पॉलिशला येतात, त्यामुळं जरा सविस्तर लिहितो, लांब होईल पण वाचा.

पहिल्यांदा रंग काय असतोय ते बघा. पत्र्यावर प्रायमर, त्यावर रंग, आणि सगळ्यात वर क्लिअर कोट म्हणून पारदर्शक थर. कंपनीच्या गाडीवर हा क्लिअर कोट साधारण ३५ ते ५० मायक्रॉन असतो, माणसाचा केस ७० मायक्रॉनच्या आसपास धरा, म्हणजे केसापेक्षा पातळ. चकाकी, उन्हापासून संरक्षण सगळं त्याच थरात. आणि पॉलिश करतो म्हणजे आम्ही काय करतो, तर ओरखड्याच्या तळापर्यंत तो थर थोडा घासून सपाट करतो. दरवेळी थोडा जातोच. म्हणून पॉलिशला दर वर्षी गाडी आणणाऱ्या गिऱ्हाइकाला मी स्वतः सांगतो की धुवायची पद्धत बदला, पॉलिशचा खर्च वाचेल आणि रंग पण वाचेल.

आता चिखल. तुमच्या बाजूची माती जांभ्याची, लोखंडाच्या गंजामुळं तांबडी. राधानगरी-शाहूवाडीचा सगळा बॉक्साईटचा पट्टा तो. त्यात बारीक मऊ पीठ पण असतंय आणि कडक खडे पण. रस्त्यावरची खडी-वाळू त्यात मिसळतेच. कडकपणाच्या एक ते दहाच्या मोजपट्टीवर वाळूतला क्वार्ट्झ ७ नंबरला, सुरीचं पातं साडेपाचच्या आसपास. म्हणजे फडकं किती का मऊ असंना, त्याच्याखाली तो कण सापडला आणि तुम्ही हात फिरवला की रेघ उठलीच. महागडं मायक्रोफायबर घेतलं तरी उठणार. लोक कापडाला दोष देतात, दोष कापडाखाली जे आहे त्याचा असतो.

म्हणून माझं सगळं सांगणं एवढंच आहे की घाण हातानं काढायचीच नाही. घाण पाण्यानं, वेळेनं आणि फेसानं काढायची. हात लावायचा तो घाण गेल्यावर, उरलेली धुळीची पातळ साय काढायला. सगळे नियम ह्याच्यातनंच येतात.

तुमच्या गाडीला आता असं करा. सकाळी लवकर किंवा सावलीत. बॉनेट तापलेलं असेल तर थांबा, गरम पत्र्यावर गाडीचा शांपू वाळतो आणि डाग पडतात. लांबनं आला असाल तर चाकांना लगेच पाणी नको, ब्रेक डिस्क तापलेल्या असतात. वायपर ऑटोमॅटिक असतील तर बंद करा. मग पाईपनं पहिल्यांदा नुसता चिखल भिजवायचा. जोरात मारायचं नाही, हलक्या धारेनं सगळीकडनं ओला करायचा आणि दहा मिनिटं सोडून द्यायचा, पण वाळू द्यायचा नाही, मधे मधे परत ओला करायचा. बोटानं उचकटून ढेकूळ काढायचा मोह होतो, ते करू नका, ढेकूळ निघतो पण निघताना घासत जातो. भिजला की आपोआप सुटतो. मग पाईपच्या तोंडाशी अंगठा धरून किंवा नोझल लावून वरनं खाली धार मारायची, टपापासून सुरू, शेवटी दरवाज्याच्या खालची पट्टी. कमानीतला चिखल सगळ्यात आधी पाडून घ्या, नाहीतर शेवटी तोच उडून धुतलेल्या दरवाज्यावर येतो.

पाण्याखाली काहीच घरंगळत नाही असं दिसलं की फेस मारायचा. ते पुढच्या पोस्टमधे लिहितो, बूथमधे गाडी आलीय.

शिरोळ_काळी_माती

दादा मस्त सांगितलंत. पण आमच्याकडं तांबडी न्हाई, काळी माती. ही तर दहा मिनिटात भिजतच न्हाई, वरनं ओली आणि आत कोरडी, आणि भिजली की फुगून आणखी चिकटत्या. ऊस तोडीच्या दिवसात ट्रॉलीच्या चाकानं शेतातनं डांबरी रस्त्यावर येणारा चिखल हाच. त्याला काय करायचं?

उद्यमनगर_पेंटबूथ

बरोबर बोललात, काळ्या मातीचा स्वभाव वेगळा. त्यातली चिकणमाती पाणी पिऊन फुगते आणि वाळली की आकसते, तुमच्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात त्या त्यामुळंच. एका दमात ती निघणार नाही. भिजवायचं, वरचा थर धारेनं पाडायचा, परत भिजवायचं, परत पाडायचं. दोन-तीन फेऱ्या लागतील असं धरूनच चालायचं. जाड थर असेल तर मी जुनं गोणपाट नाही तर जुना टॉवेल भिजवून त्या जागी नुसता चिकटवून ठेवतो, घासायचं नाही, फक्त ओल धरून ठेवायला. अर्ध्या तासानं काढला की माती लोण्यागत सुटते. काढताना पण सरळ बाहेर उचलायचा, खाली ओढायचा नाही.

हातकणंगले_ट्रॅक्टर

आमच्याकडं फवारणीचा जास्त दाबाचा एचटीपी पंप हाय, ट्रॅक्टर त्यानंच धुतो. गाडीला चालंल काय? आणि पाठीवरच्या औषधाच्या पंपात शांपू भरून फेस मारला तर?

उद्यमनगर_पेंटबूथ

एचटीपी चालतो, मातीसाठी फार चांगला, फक्त गनची धार फवाऱ्याची ठेवायची, सरळ सुईसारखी नको. गन रंगापासून दीड फूट तरी लांब. घरगुती प्रेशर वॉशर १०० ते १३० बार दाबाच्या आसपास असतात, त्यांनाही हेच लागू. नोझलचे रंग असतात, पांढरं ४० अंशाचं आणि हिरवं २५ अंशाचं, गाडीला ही दोन. लाल म्हणजे ० अंश, ते गाडीच्या जवळ पण आणू नका. आणि जिथं रंग आधीच उडालाय, दगड लागून टवका गेलाय, किंवा बंपर परत रंगवलेला आहे, तिथं जवळनं धार मारली तर रंग सोलून निघतो. रेडिएटरच्या जाळीला पण जवळनं नको, बारीक पापण्या वाकतात. इंजिनमधे प्रेशरनं पाणी नको.

पाठीवरच्या पंपाचं मात्र ऐका. तणनाशक मारलेला पंप असेल तर अजिबात नको. कितीही धुतला तरी वास राहतो म्हणजे औषध राहतंय, ते तुमच्या हाताला, पार्किंगमधे खेळणाऱ्या पोरांना, आणि धुवून गेलेलं पाणी परसातल्या झाडांना. कुंड्यांना पाणी मारायचा हातपंप मिळतो की दोन लिटरचा, प्लास्टिकचा, दट्ट्या मारून हवा भरायचा, तो नवा घ्या आणि फक्त गाडीसाठी ठेवा. राधानगरी_रोड, तुम्हाला पण प्रेशर वॉशरची गरज नाही, हाच पंप बास. फोम गनसारखा जाड फेस येत नाही, पण शांपूचं पाणी सगळीकडं बसतं, काम तेच होतं. फेस दाट दिसला म्हणजे जास्त साफ होतं असं काही नाही, महत्त्वाचं काय तर तो चार-पाच मिनिटं अंगावर राहून घाण सैल करतोय का. वाळायच्या आत धुवून टाकायचा. धुताना परत वरनं खाली.

आता हात लावायची वेळ. दोन बादल्या. एकीत शांपूचं पाणी, दुसरीत साधं पाणी. हातमोजा मायक्रोफायबरचा, लांब धाग्याचा. स्पंज नको, स्पंजचं तोंड सपाट असतंय, कण आत जायला जागाच नाही, तो रंग आणि स्पंजच्या मधे अडकून फिरत राहतो. मोज्याच्या धाग्यात कण आत शिरतो. शांपूत बुडवला, एक भाग धुतला, की आधी साध्या पाण्यात खळखळून घ्यायचा, मगच शांपूत. एका वेळी अर्धं बॉनेट किंवा एक दरवाजा, त्यापेक्षा जास्त नको. टप, काचा, बॉनेट, डिकी, मग दरवाज्यांचा वरचा भाग, आणि सगळ्यात शेवटी खालचा भाग आणि मागचा बंपर, कारण सगळी माती तिथंच. हात गोल फिरवू नका, सरळ. आणि जोर अजिबात नाही, मोज्याचं वजन तेवढाच जोर. मोजा जमिनीवर पडला तर तो त्या दिवसापुरता संपला, दुसरा घ्या. चाकांना वेगळा ब्रश, वेगळं फडकं, वेगळी बादली. चाकांचं फडकं चुकूनसुद्धा रंगाला नको.

राजारामपुरी_ताई

फार छान माहिती. मला एक विचारायचंय. नोव्हेंबरपासनं सकाळी गाडीवर काळी काळी राख पडलेली असते, साखर कारखान्यांची. हलकी असते, फुंकरीनं उडेल अशी. ती मी कापडी झाडूनं झाडते, ते तरी चालतं ना? तो मऊ असतो.

शिरोळ_काळी_माती

ताई आमच्याकडं तर अंगणात, वाळत घातलेल्या कपड्यांवर सगळीकडं तीच. हंगाम चालू झाला की मार्च संपेपर्यंत सुटका न्हाई.

उद्यमनगर_पेंटबूथ

ताई, बगॅसची, म्हणजे उसाच्या चिपाडाची राख दिसायला मऊ आहे पण त्यात सिलिका भरपूर असतंय. ऊस मातीतनं सिलिका ओढून घेतोय, बॉयलरमधे बगॅस जळला की बाकी सगळं जातं आणि ते राखेत मागं उरतं. सिलिका म्हणजे वाळूच्याच घरची. त्यात पहाटेचं दव पडलेलं असतं, राख रंगाला हलकी चिकटलेली असते, आणि त्यावर झाडू फिरवला की कोरड्या बारीक रेघा पडतात. त्या एका दिवसात दिसत नाहीत, हंगाम संपल्यावर मे महिन्याच्या उन्हात एकदम दिसतात. पांढऱ्या गाडीवर लवकर कळत नाही, काळ्या, गडद निळ्या आणि लाल गाडीवर कळतं.

रोज धुवायची पण गरज नाही. काच तेवढी भरपूर पाणी मारून साफ करा आणि बाकी राहू दे तशीच. राख नुसती बसलेली असेल तर रंगाला काही होत नाही, हात लावला तर होतंय. फक्त पाऊस नाही तर दव पडून तिचा चिकट काळा ओघळ व्हायला लागला तर मग पाईपनं धुवून टाका. आणि राख पडलेल्या गाडीवर कव्हर घालू नका. कव्हर वाऱ्यानं हलतं आणि रात्रभर घासत राहतं. कव्हर घालायचं तर धुतलेल्या आणि कोरड्या गाडीवरच.

शिरोली_फौंड्री

आमची गाडी दिवसभर शिरोली एमआयडीसीत उभी असते. पांढरी आहे. धुतली तरी बारीक नारिंगी ठिपके राहतात, नखानं पण निघत नाहीत. शोरूममधे म्हणाले रंगच गंजलाय. नवी गाडी, रंग कसा गंजेल?

उद्यमनगर_पेंटबूथ

रंग गंजलेला नाही, घाबरू नका. ग्राइंडिंगचे लोखंडाचे कण उडतात, ते रंगात रुततात आणि मग ते कण गंजतात. शिरोली, गोकुळ शिरगाव, आपलं उद्यमनगर, सगळीकडं हे आहे. गाडीच्या स्वतःच्या ब्रेकची भुकटी पण असंच करते, म्हणून चाकांजवळ ठिपके जास्त. बघायची युक्ती, गाडी धुवून झाली की हाताला पातळ प्लास्टिकची पिशवी घाला आणि हलकेच रंगावरनं बोटं फिरवा. नुसत्या हाताला गुळगुळीत वाटतं तिथं पिशवीतनं खरखर लागते.

त्याला आयर्न रिमूव्हर म्हणून द्रावण मिळतंय. धुतलेल्या, थंड गाडीवर, सावलीत मारायचं, लोखंड लागलं की जांभळं होऊन ओघळतं. वास फार घाण असतो, मोकळ्या जागेत करा, हातमोजे घाला, आणि वाळू न देता भरपूर पाण्यानं धुवा. त्यानं ऐंशी टक्के काम होतं. उरलेल्याला क्ले बार, म्हणजे रुतलेले कण ओढून घेणारा मऊ मातीसारखा गोळा, पण तो भरपूर शांपूच्या पाण्यावर घसरवायचा, कोरडा कधीच नाही, आणि खाली पडला तर फेकून द्यायचा. क्ले वर्षातनं एकदोनदा बास, तो पण हलके ओरखडे देतो. फौंड्रीची सिलिका वाळू पण उडतेच, त्यामुळं तुमच्याकडं कोरडं पुसणं तर पूर्ण बंद.

कागल_नाका

मला हे सगळं जरा जास्तच वाटतंय, स्पष्ट बोलतो. आमची गाडी भरपूर वर्षं झाली, कपड्याच्या पावडरनं नाहीतर भांड्याच्या साबणानं धुतो, अजून चालतीय. शांपूवर पैसे कशाला घालवायचे?

उद्यमनगर_पेंटबूथ

काका, राग नाही, प्रश्न रास्त आहे. गाडी चालायला काही होत नाही, खरंय. पण कपड्याची पावडर अल्कली असते आणि तिच्यातले न विरघळलेले दाणे रंगावर घासले जातात. भांड्याचा साबण तेल-तूप काढायलाच बनवलाय, तो रंगावरचं वॅक्स पण काढतो आणि काचेच्या कडेचं रबर, दरवाज्याची काळी पट्टी कोरडी पाडतो. तीन-चार वर्षांनी त्या पट्ट्या पांढुरक्या होतात त्याला ऊन कारण आहेच, पण हे पण आहे. वॅक्स लावायच्या आधी जुनं सगळं काढून टाकायचं असेल तेव्हा एखाद्या वेळी भांड्याचं लिक्विड चालतं. दर आठवड्याला नको. गाडीचा साधा पीएच न्यूट्रल, म्हणजे आम्ल पण नाही आणि अल्कली पण नाही असा शांपू बादलीला दोन-तीन टोपणं लागतो, बाटलीवर लिहिलेलं असतं. त्याचं खरं काम मोजा घसरवायचं असतं. पाणी गुळगुळीत झालं की कण तरंगत निघून जातो.

कागल_नाका

घसरवायचं काम हे माहिती नव्हतं. एक बाटली आणून बघतो.

वाडी_रत्नागिरी

जोतिबाच्या चैत्र यात्रेला गाडी डोंगरावर नेली की गुलालानं गुलाबी होते, वायपरच्या खाचेत, दरवाज्याच्या फटीत, सगळीकडं. बॉनेटवर खोबऱ्याचे तुकडे पण. देवाचा गुलाल, अंगावर पडला याचा आनंदच आहे, पण पांढऱ्या गाडीवर पाणी मारलं की ओघळ पडतात आणि दरवाज्याच्या रबराला रंग बसतो. काय करावं?

उद्यमनगर_पेंटबूथ

जोतिबाच्या नावानं चांगभलं. गुलालाला आधी पाणी नाही, आधी हवा. डोंगर उतरला की टायरवाल्याकडं एअर गननं लांबनं हवा मारून घ्या, फटी, वायपरची खाच, नंबर प्लेटच्या मागं. कोरडा जेवढा उडेल तेवढा उडवा. मग पाणी मारायचं ते भरपूर, थोडं थोडं नको. थोड्या पाण्यात त्याचा लगदा होतो आणि तोच रबरात, पांढऱ्या प्लास्टिकमधे बसतो. धो धो पाण्यात वाहून जातो. फडकं सगळ्यात शेवटी. आणि यात्रेत असताना एसी आतल्या हवेवर ठेवा, बाहेरची हवा घेणारं बटण बंद, नाहीतर केबिन फिल्टरमधे जातो. खोबरं मात्र लगेच काढा, तेल सोडतं.

शाहूपुरी_४थी_गल्ली

मी वर वॉशिंग सेंटर सुचवलं होतं. तिथं मग काय वाईट असतं? जाताना काय सांगायचं ते तरी लिहा, सगळ्यांच्या घरी पार्किंग नसतंय.

उद्यमनगर_पेंटबूथ

सेंटर वाईट नाही हो, त्यांच्याकडं रॅम्प आणि प्रेशर आहे, खालचा चिखल जितका तिथं निघतो तितका घरी निघत नाही. पावसाळ्यात तांबड्या मातीतनं आल्यावर अंडरबॉडी तिथंच मारून घ्यावी असं मी म्हणेन. कमानीत, चासिसच्या खोबणीत माती राहिली की ओल धरते आणि गंज आतनं सुरू होतो, बाहेरनं कळत नाही. दरवाज्याच्या आणि खालच्या पट्टीच्या तळाला पाणी जायची बारीक भोकं असतात, ती मातीनं बुजतात, ती मोकळी आहेत का बघा. मऊ प्लास्टिकच्या पट्टीनं मोकळी करायची, तार नको, तारेनं आतला गंजरोधक थर खरवडतो.

अडचण येते ती फडक्याची. एकच स्पंज दिवसभर सगळ्या गाड्यांना, सकाळी एखाद्या डंपरला पण तोच. म्हणून सांगायचं की प्रेशर आणि फोम मारा, स्पंज आणि फडकं लावू नका, मी माझा मोजा आणलाय. बहुतेक ठिकाणी ऐकतात, त्यांचं काम कमीच होतंय. आणि एक, खालनं डिझेल मारू का असं विचारतात. नको म्हणा. चमकतं दोन दिवस, पण डिझेल सस्पेन्शनच्या रबरी बुशना चांगलं नाही, आणि त्यावर धूळ चिकटून बसते ती वेगळीच.

गोकुळ_शिरगाव_बोअर

पाणी बोअरचं आहे, वाळलं की पांढरे ठिपके. हे ओरखडे नाहीत पण दिसतात वाईट.

राजारामपुरी_ताई

आमच्याकडं पण तेच. नळाच्या पाण्यानं धुतलं की एवढे येत नाहीत, बोअरनं येतात.

उद्यमनगर_पेंटबूथ

बोअरचं पाणी जड, क्षार असतात, पाणी उडून जातं आणि क्षार राहतात. उन्हात वाळले तर क्लिअर कोटला पक्के धरतात. बोअरनं धुवा पण शेवटची फेरी नळाच्या पाण्याची द्या, एक बादली बास आहे, तांब्यानं नाही तर नोझल काढलेल्या पाईपनं हळू ओतायचं, म्हणजे पाणी चादरीनं खाली जातं आणि थेंब कमी राहतात. मग लगेच पुसायचं. मोठा जाड मायक्रोफायबर टॉवेल, पसरायचा, थोपटायचा, उचलायचा. घासत ओढायचा नाही. जुना बनियन, वर्तमानपत्र, पिवळं फडकं नको, आणि काचेची रबरी पट्टी रंगावर कधीच नको, एक कण खाली आला तर बॉनेटभर एकच लांब रेघ. जुने ठिपके असतील तर व्हिनेगर तेवढंच पाणी घालून, थंड रंगावर एक मिनिट, मग धुवून टाका. एवढ्यानं गेले नाहीत तर पॉलिशचं काम, घरी घासत बसू नका.

पुसून झालं की दोन मिनिटं हळू चालवून ब्रेक दोन-तीनदा दाबा. पॅड ओले असतात, सुरुवातीला ब्रेक कमी लागतो.

राधानगरी_रोड

दादा, मनापासून आभार. आज सकाळी भिजवून ठेवण्यापासून सगळं तसंच केलं. ढेकूळ खरंच आपोआप सुटले. पण डांबराचे काळे ठिपके राहिलेत खालच्या बाजूला, हायवेचं काम चालू आहे तिथले, आणि पक्ष्याची घाण एका ठिकाणी वाळलेली आहे. आणि काकांचं काय करू, त्यांचं काम तोडायचं नाही मला.

उद्यमनगर_पेंटबूथ

डांबराला टार रिमूव्हर, फडक्यावर घेऊन ठिपक्यावर धरायचा, डांबर विरघळून तपकिरी ओघळ आला की टिपून घ्यायचं. नसेल तर थोडं रॉकेल पण चालतं, पण लगेच त्या जागी शांपू लावून धुवा, रंगावर तसंच ठेवू नका, आणि डांबरात खडीचा चुरा असतो म्हणून रगडायचं नाही. पक्ष्याच्या घाणीवर ओला टिश्यू ठेवा दहा मिनिटं, मग उचलून घ्या. ती आम्लधर्मी असते, उन्हात तर लवकर डाग पाडते, ती मात्र आठवड्यावर ढकलू नका.

काकांचं काम तोडू नका. त्यांना सांगा रोज फक्त काचा, आरसे आणि आतलं. तुमचे दोन मायक्रोफायबर त्यांच्याकडं द्या, फक्त तुमच्या गाडीसाठी म्हणून. पगार तोच ठेवा. एका बादलीत सगळ्या गाड्या ते करतात कारण सोसायटी त्यांना पहाटे तेवढाच वेळ आणि तेवढंच पाणी देते. आठवड्यातनं एकदा ह्या पद्धतीनं धुवायला शिकवलंत तर त्याचे वेगळे पैसे द्या, बाकी लोक पण त्यांच्याकडनंच करून घेतील.

पन्हाळा_रोड

रंगावर सिरॅमिक कोटिंगचा पारदर्शक थर मारून घेतला तर ह्या सगळ्यातनं सुटका होते का? एका ठिकाणी सांगितलं की ओरखडे पडतच नाहीत, खिळ्यानं ओढून दाखवलं.

उद्यमनगर_पेंटबूथ

मी स्वतः कोटिंग करतो तरी सांगतो, ओरखडे पडतात. तो थर फार पातळ असतो, क्लिअर कोटपेक्षा कितीतरी पातळ, वाळूच्या कणापुढं तो टिकत नाही. फायदा वेगळा आहे, चिखल घट्ट धरत नाही, पाणी मारलं की लवकर सुटतो, म्हणजे हात कमी लावावा लागतो. तेवढ्यासाठी करत असाल तर जरूर करा. आणि करायच्या आधी रंगाची जाडी मीटरनं मोजून मागा, प्रत्येक पॅनलची, कारण कोटिंगच्या आधी पॉलिश मारतात आणि पातळ झालेल्या रंगावर परत मशीन फिरवली तर क्लिअर कोट संपतो, मग रंगवण्याशिवाय इलाज नाही. पैसे कमी असतील तर साधं वॅक्स दोन-तीन महिन्यातनं एकदा, पावसाळ्याच्या तोंडाला नक्की.

राजारामपुरी_ताई

शेवटचं एक, हे मोजे आणि टॉवेल वॉशिंग मशीनला टाकले तर चालतात का?

उद्यमनगर_पेंटबूथ

चालतात, पण वेगळे, बाकी कपड्यांबरोबर नको, सुती धागे चिकटून बसतात. आधी बादलीत खळखळून माती काढा. गार किंवा कोमट पाणी, लिक्विड डिटर्जंट थोडं, कपडे मऊ करायचं ते सुगंधी लिक्विड अजिबात नको, त्यानं टॉवेल पाणी ओढायचं बंद करतो. सावलीत वाळवा आणि झाकणाच्या डब्यात ठेवा, हंगामात गच्चीवर वाळत घातले तर परत राख बसते. चाकांचे आणि रंगाचे वेगवेगळ्या रंगाचे घ्या, म्हणजे घरातलं कोणीही धुतलं तरी मिसळ होत नाही.